वन्यप्राण्यांच्या रोगांचा अभ्यासक कसे व्हावे: नागपुरातून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात ठेवलेले तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले आणि त्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. वर्तमानपत्रांनी वाघ मेल्याची बातमी दिली, ते स्वाभाविकच होते. परंतु या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ती बातमी वाचताना स्वतःला वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. मांजरकुळातील प्राण्याच्या शरीरात पक्ष्यांचा विषाणू शोधावा हे सुचण्यासाठी आधी काय माहीत असावे लागते? नमुना कोणत्या अवयवातून घेतला गेला असेल आणि तो किती वेळात बर्फावर ठेवला गेला असेल? शेजारच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांची आणि त्यांना रोज मांस घालणाऱ्या कर्मचाऱ्यांची काळजी कोणी घ्यायची? ज्याने थायलंडमधील २००४ ची घटना वाचलेली असते, त्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर सापडते. तेथील एका प्राणिसंग्रहालयात कच्ची कोंबडी खाऊ घातलेल्या वाघांमध्ये हाच विषाणू पसरला होता आणि १४७ वाघ मेले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले.

माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारे बहुतेक विद्यार्थी वाघाला भुलीचे इंजेक्शन कसे मारतात हे विचारत येतात. ते कौशल्य आवश्यक आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे. मात्र वन्यजीव रोगशास्त्राचे आयुष्यभराचे काम दोन ठिकाणी चालते, शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि जंगलालगतच्या गावांतील गोठ्यांत. या दोन जागांचा कंटाळा असलेल्या माणसाने हे क्षेत्र निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवीची वर्षे कशी वापरावीत

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घेऊन नीट परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एका वर्षाची इंटर्नशिप अंतर्भूत असते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. गोरेवाड्याला याच विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला व ताडोबा ही सारी जंगले काही तासांच्या अंतरावर आहेत. देशातील फार थोड्या शहरांतील विद्यार्थ्यांना इतके काही हाताशी मिळते.

पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वन्यप्राण्यांचा विचार बाजूला ठेवला तरी चालेल. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र आणि साथरोगशास्त्र हे चार विषय मनापासून शिकावेत, कारण पुढे सगळे काम यांच्याच आधारावर उभे राहते. महाविद्यालयाच्या शवविच्छेदन कक्षात कोंबडी, शेळी, कुत्रा, म्हैस असे काहीही आले तरी तेथे हजर राहावे, आणि आपली पाळी नसेल त्या दिवशीही जावे. ज्याने शंभर शेळ्यांची पोटे उघडून पाहिलेली नाहीत, त्याला चितळाच्या पोटात काय वेगळे दिसते आहे हे कळू शकत नाही. रानगवा हा गाईसारखाच रवंथ करणारा प्राणी आहे, रानकुत्र्याला कुत्र्याचे बहुतेक रोग होतात आणि बिबट्याच्या पिल्लाला मांजरीचे. घरच्या जनावरांचे ज्ञान पक्के असेल तरच रानातल्या प्राण्याबद्दल काही ठामपणे बोलता येते.

इंटर्नशिपमध्ये निवड करण्याची संधी मिळाली, तर शहरातील श्वानचिकित्सालयापेक्षा देवलापार, उमरेड, भिवापूर अशा जंगलाला लागून असलेल्या भागातील दवाखाना मागून घ्यावा. तेथे लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे रोग प्रत्यक्ष पाहायला मिळतात, गुराखी गुरे कोणत्या पाणवठ्यावर नेतो हे समजते आणि त्याच पाणवठ्यावर रात्री कोण येते हेही त्याच्याकडूनच कळते. बुळकांडी हा गुरांचा विषाणूजन्य रोग या देशाने २००६ मध्ये आणि जगाने २०११ मध्ये हद्दपार केला. पण त्याआधी गुरांकडून रानगव्यांकडे जाऊन त्याने जे कळपच्या कळप संपवले, त्याचा मार्ग असाच एखाद्या सामायिक पाणवठ्यावरून किंवा कुरणातून गेला होता.

पदव्युत्तर शिक्षणाबाबत विद्यार्थी फार संभ्रमात असतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यजीव विषयात उच्च शिक्षण घेता येते, आणि ज्याला तेथे प्रवेश मिळेल त्याने तो जरूर घ्यावा. तरीही विकृतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एका मूलभूत विषयात एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकीय पदव्युत्तर पदवी) करून प्रबंधासाठी वन्यप्राण्यांचा प्रश्न निवडणे मला अधिक भक्कम वाटते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकांचा छेद स्वतः वाचता येणारा माणूस कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी ठरतो आणि दुसऱ्याच्या अहवालावर त्याला अवलंबून राहावे लागत नाही. याच्या जोडीला संख्याशास्त्र शिकून घ्यावे. दहा प्राण्यांतील तीन बाधित आणि हजारातील तीनशे बाधित या दोन विधानांच्या विश्वासार्हतेत किती फरक असतो हे ज्याला मांडता येत नाही, त्याच्या अहवालावर कोणताही अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही.

मृत प्राण्याजवळ पोहोचल्यावर

आता मुख्य कामाकडे येतो. वनरक्षकाचा फोन येतो, जंगलातील कक्ष क्रमांक सांगितला जातो आणि तुम्ही तेथे पोहोचता. सर्वांत आधी मृतदेहापासून काही अंतरावर थांबून सभोवतालची जमीन पाहावी. मेलेल्या माश्या, कावळे किंवा कुत्री जवळपास पडलेली असतील आणि अर्धवट खाल्लेली गाय किंवा वासरू दिसत असेल, तर विषप्रयोगाचा संशय धरावा लागतो. गाय मारली गेल्याच्या रागातून मृत जनावरावर कीटकनाशक टाकण्याचे प्रकार घडतात. विदर्भात आणखी एका कारणाकडे डोळेझाक करता येत नाही. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडला जातो, त्यात वाघ सापडतो आणि मग मृतदेह ओढत दूर नेऊन टाकला जातो. म्हणून ओढत नेल्याच्या खुणा, पंजाच्या तळव्यावरील किंवा अंगावरील करपलेले केस आणि भाजल्याचे बारीक व्रण काळजीपूर्वक शोधावेत, आणि असे व्रण दिसले नाहीत तरी विजेचा धक्का बसलाच नाही असे लिहू नये.

मृत प्राणी चितळ, रानगवा किंवा नीलगाय असेल, पोट लवकर फुगलेले असेल, शरीर ताठरलेले नसेल आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर सुरी बाजूला ठेवावी. हा काळपुळीचा (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो. त्याचे जिवाणू बंद मृतदेहात टिकून राहत नाहीत, परंतु शरीर उघडून त्यांना हवा मिळाली की ते बीजाणू तयार करतात, आणि ते बीजाणू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन काचपट्टीवर लेप करावा, पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवून तपासावा आणि काळपुळी नसल्याची खात्री झाल्यावरच विच्छेदन सुरू करावे. लेपात जिवाणू दिसले, तर मृतदेह न उघडता जाळावा किंवा चुना टाकून खोल पुरावा. घाईच्या एका विच्छेदनाने ते कुरण पुढील पिढीसाठीही धोक्याचे होऊन बसते, म्हणून या एका नियमात मी विद्यार्थ्यांना कधीही सूट देत नाही.

वाघाच्या बाबतीत पद्धत ठरलेली आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार, अन्यथा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मृत्यू शिकार समजून तपासला जातो, प्राधिकरणाच्या प्रतिनिधीसमोर शवविच्छेदन होते, त्याचे चित्रीकरण केले जाते आणि नमुने घेतल्यावर मृतदेह सर्वांसमक्ष जाळला जातो. तो एकदा जळला की दुसरी संधी मिळत नाही. म्हणून कोणत्या अवयवाचे कोणते नमुने घ्यायचे हे घरून निघण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले असावे आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या असाव्यात.

नमुन्यांबाबत मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक तपासण्या याच टप्प्यावर वाया जातात. ऊतकपरीक्षणासाठीचा तुकडा अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा आणि तो त्याच्या दसपट दहा टक्के फॉर्मालिनमध्ये बुडवावा. तो गोठवू नये, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. विषाणूच्या तपासणीसाठी याच्या अगदी उलट करावे लागते. तो तुकडा फॉर्मालिनपासून दूर, थंड साखळीत ठेवावा. विषतपासणीसाठी जठरातील पदार्थ, यकृत आणि मूत्रपिंड स्वतंत्र बाटल्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावे. त्यातही फॉर्मालिन चालत नाही. प्रत्येक नमुना दोन संचांत घ्यावा. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा मृतदेह काही तासांतच कुजू लागतो, त्यामुळे गाडीतील बर्फाची पेटी ही सुरीइतकीच महत्त्वाची असते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका बिबट्याच्या यकृताचा मुठीएवढा तुकडा लहानशा बाटलीत कोंबून पाठवला होता. फॉर्मालिन आतपर्यंत पोहोचले नाही, मधला भाग सडला आणि नमुना तपासणीयोग्य नसल्याचे कळवणारे पत्र आले. तो बिबट्या कशाने मेला हे आजपर्यंत कळलेले नाही. ती माझी चूक होती आणि तिची आठवण आजही बोचते, म्हणूनच मी येथे सेंटिमीटरचा हिशेब लिहिला आहे.

नमुने घेण्यामागे कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मृत आढळलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, आणि शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे किंवा त्याच्या शरीराचा कोणताही भाग घेणे याचाही समावेश होतो. संशोधनासाठी परवानगी कलम १२ खाली घ्यावी लागते, तर अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याला पकडण्याचा किंवा बेशुद्ध करण्याचा आदेश कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. हेतू कितीही चांगला असला तरी लेखी परवानगीवाचून रक्ताचा एक थेंबही घेऊ नये. परवानगीला महिने लागतात, हे गृहीत धरून प्रबंधाचे वेळापत्रक आखावे.

कारण शोधण्याची सवय

गिधाडांच्या मृत्यूचा शोध या क्षेत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून समजून घ्यावा. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातून पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९ टक्क्यांच्याही पुढे गेली. सुरुवातीला अनेकांनी एखाद्या नव्या विषाणूचा संशय घेतला. पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मृत गिधाडांची पद्धतशीर शवविच्छेदने केली, तेव्हा अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला दिसला. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके यांच्या तपासण्या करूनही काही हाती लागले नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला: गिधाडे जी गुरे खातात त्या गुरांना कोणती औषधे दिली जातात? औषधविक्रेत्यांकडे चौकशी केल्यावर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे नाव पुढे आले, मृत पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत ते सापडले आणि औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे तशीच मरतात हे प्रयोगाने सिद्ध झाले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून आले. माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली, आणि २०२३ मध्ये असेक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांच्या जनावरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली: लांब चोचीची पेंचमध्ये आणि पांढऱ्या पाठीची ताडोब्यात. त्यांचे पुढे काय होईल हे पेंच आणि ताडोब्याभोवतालच्या गावांत तापलेल्या बैलाला कोणते इंजेक्शन टोचले जाते यावरही अवलंबून आहे, आणि ते इंजेक्शन टोचणारा माणूस अनेकदा पशुवैद्यकच असतो. या गावांतील औषधांच्या दुकानांत काय विकले जाते याची नोंद ठेवणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी आजही अत्यंत उपयुक्त विषय आहे.

दुसरे उदाहरण कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाचे आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सुमारे एक तृतीयांश सिंहांचा बळी या विषाणूने घेतला, आणि त्याचा उगम आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांकडे दाखवला गेला. पुढील संशोधनात असे आढळले की, त्या वर्षी दुष्काळाने अशक्त झालेल्या रानम्हशींवर गोचिडी प्रचंड वाढल्या होत्या आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या बबेसिया या रक्तातील परजीवीचा जबर संसर्ग त्याच वेळी सिंहांना झाला होता; मृत्यूंची संख्या वाढण्यामागे हे दुहेरी कारण होते. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही तपासणीत डिस्टेंपर आणि बबेसिया ही दोन्ही नावे पुढे आली. म्हणून एक जंतू सापडला की तपासणी थांबवू नये. आपल्या व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांत मोकाट कुत्री भरपूर आहेत, ती शिकारीचे उरलेले मांस खायला जंगलात शिरतात आणि बिबटे त्यांना खातात. या कुत्र्यांची गणना, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि त्यांचे लसीकरण हे काम वाघाच्या छायाचित्रासारखे आकर्षक दिसत नाही, पण वाघांच्या आरोग्याचा विचार करता मी त्याला पहिले स्थान देईन.

भूल देण्याबद्दल आणि स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल

वाघ-बिबट्यांना बेशुद्ध करण्यासाठी आपल्याकडे साधारणतः झायलाझिन आणि केटामाइन यांचे मिश्रण वापरले जाते. त्यांपैकी झायलाझिनचा परिणाम योहिंबीनसारख्या औषधाने उलटवता येतो, केटामाइनवर मात्र तसा उतारा नाही. मात्रा, वजनाचा अंदाज आणि डार्टचा दाब या गोष्टी लेख वाचून शिकता येत नाहीत; त्या अनुभवी पशुवैद्यकाच्या हाताखाली अनेक महिने राहूनच शिकाव्या लागतात. विदर्भात उन्हाळ्यातील कारवाई पहाटे किंवा सायंकाळी करावी, सावली आणि पाणी आधी तयार ठेवावे आणि भुलीत असताना शरीराचे तापमान सतत मोजत राहावे. चितळ, काळवीट अशा प्राण्यांचा पाठलाग लांबला, तर पकडल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनीही स्नायूंची हानी होऊन ते मरतात. त्यामुळे पाठलाग केव्हा थांबवायचा हे ठरवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

रेबीजची प्रतिबंधक लस पदवीच्या पहिल्याच वर्षी घ्यावी. शवविच्छेदनाच्या वेळी दुहेरी हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा वापरावा, आणि सोबतच्या वनमजुरालाही ते सर्व साहित्य द्यावे. त्याच्याकडे बहुधा काहीच नसते. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये मेलेल्या माकडांमुळे एका नव्या रोगाचा पत्ता लागला. गोचिडींमार्फत पसरणारा हा माकडताप आता सिंधुदुर्गातही आढळतो, आणि माकडे मरू लागली की माणसांसाठी तो इशारा समजला जातो. माणूस, जनावर आणि जंगल यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास करण्यासाठीच्या राष्ट्रीय एकात्मिक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांनी मानवी वैद्यकाच्या आणि कीटकशास्त्राच्या अभ्यासकांशी आतापासूनच ओळख ठेवावी.

नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. राज्याच्या पशुसंवर्धन विभागात लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते आणि तेथून काही जण प्रतिनियुक्तीवर वनविभागात जातात. व्याघ्र प्रकल्पांत व बचाव केंद्रांत कंत्राटी पदेही निघतात. याखेरीज प्राणिसंग्रहालये, विद्यापीठे, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, हैदराबादची संकटग्रस्त प्रजातींसाठीची प्रयोगशाळा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्था आहेत. पदे थोडी आहेत आणि पहिली काही वर्षे अस्थिर असतात, ही गोष्ट घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांगावी.

शेवटी एक काम, जे पदवीला प्रवेश मिळण्याची वाट न पाहताही सुरू करता येते. एक जाड वही घ्यावी आणि दिसलेल्या प्रत्येक मृत पक्ष्या-प्राण्याची नोंद करावी: तारीख, वेळ, जागा, हवामान, शरीराची अवस्था, आसपास काय होते. प्राण्याला हात लावू नये. अनेक मृत पक्षी एकाच ठिकाणी दिसल्यास वनविभागाला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठी फिरायला जाणाऱ्या मुलालाही हे जमते. पुढे पशुवैद्यक झाल्यावर त्याच वहीत निरोगी प्राण्यांच्या नोंदीही वाढवाव्यात, म्हणजे उपचारासाठी बेशुद्ध केलेल्या प्रत्येक प्राण्याचे वजन, तापमान, रक्तातील पेशींची संख्या आणि अंगावरील गोचिडी. भारतातील बहुतेक वन्यप्राण्यांच्या निरोगी अवस्थेच्या नोंदी फार तुटपुंज्या आहेत, आणि निरोगी रानगव्याचे रक्त कसे असते हे लिहिलेले नसेल, तर आजारी रानगव्याचा अहवाल हातात घेऊन तुलना कशाशी करायची हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा उभा राहिला आहे.